बीचवर्थच्या जुन्या कोर्टात नेड केलीला फाशी सुनावली होती का? बाबांना घेऊन जायचंय

रानमोगरा

नमस्कार मंडळी. आईबाबा सध्या आमच्याकडे मेलबर्नला आलेत. बाबा तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार होऊन रिटायर झाले, त्यामुळे कुठेही फिरायला नेलं, समुद्र बघून झाला, फोटो काढून झाले की त्यांचा एकच प्रश्न, "इथलं कोर्ट कुठाय गं?" मागच्या आठवड्यात त्यांना स्टेट लायब्ररीत नेलं तर तिथे नेड केलीचं, म्हणजे इथल्या त्या जुन्या काळच्या नामचीन फरारी दरोडेखोराचं, ते लोखंडी चिलखत बघून तासभर हलले नाहीत. मग घरी येऊन नातवाकडून सगळं वाचून घेतलं आणि आता म्हणतायत की बीचवर्थला जायचं, तिथलं कोर्ट बघायचं.

आता माझा गोंधळ असा की ऑफिसमधली एक जण म्हणाली नेडला फाशी तिथेच सुनावली, दुसरा म्हणाला छे, ते सगळं मेलबर्नलाच झालं, बीचवर्थला नुसतं टुरिस्टांसाठी कोर्ट ठेवलंय. बाबा म्हणजे तारीख, कलम आणि जज कोण हे विचारणारा माणूस, त्यांना अर्धवट सांगून चालत नाही. तर नेमकं काय झालं होतं तिथे? आणि तीन तास गाडी चालवून जाण्याइतकं आहे का ते? आईचे गुडघे दुखतात, म्हणजे फार चढउतार नको.

जुनीवाट

जा, नक्की जा. मी वोडोंगाला राहतो, तिथून जवळच आहे, पाहुणे आले की प्रत्येक वेळी नेतो, त्यामुळे पाचसहा वेळा तरी बघून झालंय.

आधी इमारतीचं सांगतो. ओव्हन्सच्या खोऱ्यात १८५२ ला सोनं सापडलं आणि बघता बघता तिथे तंबूंचं गाव उभं राहिलं. सोनं आलं की भांडणं आली, चोऱ्या आल्या, लायसन्स फी आली, म्हणजे पोलीस आणि मॅजिस्ट्रेटही आलेच. सुरुवातीला सरकारी छावणीत साध्या बांधकामांतून कारभार चालायचा, मग १८५८ मध्ये आजचं दगडी कोर्ट बांधलं. एकमजली आहे, तिथल्याच ग्रॅनाइटचं, मधासारखा रंग आहे दगडाला, संध्याकाळचं ऊन पडलं की बघत राहावं असं. फोर्ड स्ट्रीटवर ओळीने टेलिग्राफ ऑफिस, ट्रेझरी, कोर्ट, पोलिसांची कोठडी सगळं त्याच दगडात उभं आहे. आईंना त्रास होणार नाही, सगळं जवळजवळ आहे.

आणि "टुरिस्टांसाठी ठेवलंय" हे अजिबात खरं नाही हो. ते १८५८ पासून १९८९ पर्यंत चालू कोर्ट होतं! १३१ वर्षं. नंतर छोट्या गावातली कामं मोठ्या गावांकडे गेली आणि हे बंद झालं, पण आतलं सामान बहुतेक तेच जुनं आहे, जजची बैठक, आरोपीचा पिंजरा, साक्षीदाराची जागा, ज्युरीची बाकं. बाबांना ज्युरीची बाकं मुद्दाम दाखवा, आपल्याकडे ती कधीच गेली.

काळाकोट

रानमोगरा, तुमच्या ऑफिसातले दोघंही अर्धे बरोबर आहेत. मी इकडे यायच्या आधी महाराष्ट्रात फौजदारी बाजूला प्रॅक्टिस करायचो म्हणून तुमच्या बाबांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो, जरा लांबेल.

बीचवर्थला नेडची झाली ती कमिटल हिअरिंग. बाबांना लगेच कळेल, आपल्याकडेही १८९८ च्या जुन्या क्रिमिनल प्रोसिजर कोडात हेच होतं, खुनासारखी केस आधी मॅजिस्ट्रेटपुढे जायची, तो साक्षी नोंदवायचा, आणि पुरावा पुरेसा वाटला तर सेशनला कमिट करायचा. आपल्याकडे १९७३ च्या कोडाने तो साक्षींचा भाग काढून टाकला आणि आता मॅजिस्ट्रेट कागद बघून कमिट करतो. बाबा १९७३ च्या आधी लागले असतील तर त्यांनी जुनी पद्धत डोळ्यांनी बघितलेली असेल.

तर नेड २८ जून १८८० ला ग्लेनरोवनला जखमी अवस्थेत पकडला गेला. महिनाभर त्याला मेलबर्नच्या तुरुंगात ठेवून बरं केलं आणि मग रेल्वेने बीचवर्थला आणलं. ६ ऑगस्टला सुनावणी सुरू झाली, ११ ऑगस्टला संपली. आरोप लोनिगन आणि स्कॅनलन या दोन पोलिसांच्या खुनाचा. मुख्य साक्षीदार मॅकिन्टायर, म्हणजे ऑक्टोबर १८७८ मध्ये केली टोळीला शोधायला गेलेल्या चार पोलिसांपैकी तिघं स्ट्रिंगीबार्क क्रीक या ओढ्यापाशी मारले गेले, त्यातून जिवंत सुटलेला एकटा. मॅजिस्ट्रेट फॉस्टर यांनी केस कमिट केली, ती बीचवर्थलाच ऑक्टोबरमध्ये चालायची होती. पण सरकार पक्षाला भीती होती की त्या भागात केलीचे नातेवाईक आणि पाठीराखे इतके आहेत की ज्युरी एकतर घाबरेल नाहीतर फितूर होईल, म्हणून अर्ज देऊन केस मेलबर्नला नेली. तिथे २८ आणि २९ ऑक्टोबरला सर रेडमंड बॅरी यांच्यासमोर खटला चालला, ज्युरीला अर्धा तास लागला, आणि ११ नोव्हेंबर १८८० ला फाशी. म्हणजे फाशीची शिक्षा मेलबर्नचीच.

पण गंमत अशी की मेलबर्नचं ते कोर्ट आता राहिलेलंच नाही! रसेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं ते जुनं सुप्रीम कोर्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं आणि तिथे नवीन मॅजिस्ट्रेट कोर्ट बांधलं. त्यामुळे नेड ज्या केसमध्ये फासावर गेला त्या केसच्या साक्षी जिथे झाल्या ती खोली आज बघायची असेल तर बीचवर्थच. मला विचाराल तर एवढ्या एका कारणासाठी तीन तास काहीच नाहीत.

अजून एक. नेडला शिक्षा बीचवर्थला झाली नाही असंही नाही. १८७१ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना तिथल्याच जनरल सेशन्समध्ये त्याला तीन वर्षं सक्तमजुरी झाली, चोरीची घोडी बाळगल्याबद्दल. चोरीचा आरोप ठेवता येईना, कारण घोडी चोरीला गेली तेव्हा नेड आधीच्या एका शिक्षेसाठी तुरुंगात होता! मग कलम बदललं. आणि घोडी ज्याने आणली होती त्या वाइल्ड राइटला दीड वर्षं, या पोराला तीन. असे निकाल वाचले की वकील म्हणून अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

रानमोगरा

बापरे, केवढं लिहिलंत, मनापासून धन्यवाद. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते १९७१ ला लागले, म्हणजे कमिटल त्यांनी बघितलंय, एकदम खूश झाले. त्यांचा प्रश्न असा की खुनाची केस बीचवर्थलाच चालायची होती म्हणता, मग एवढ्याशा गावातल्या कोर्टात बॅरीसाहेबांसारखे सुप्रीम कोर्टाचे जज कसे काय बसायचे? की वेगळी इमारत होती?

काळाकोट

एकच खोली. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं कोर्ट. रोजच्या मारामाऱ्या, दारू, कर्जाची भांडणं वगैरे मॅजिस्ट्रेटपुढे, त्याच्या वरचं काम जनरल सेशन्सपुढे, आणि वर्षातून ठराविक वेळा मेलबर्नहून सुप्रीम कोर्टाचे जज सर्किटवर यायचे तेव्हा खुनाच्या केसेस. म्हणजे बाबांना असं सांगा की तालुका कोर्ट, सेशन आणि हायकोर्टाचं फिरतं बेंच, तिघांचा पुकारा एकाच दारातून. बीचवर्थला रेल्वे पोचली १८७६ ला, त्याच्या आधी जज घोडागाडीने यायचे. आणि ते आले की गावात जत्रा, ज्युरीवाले, साक्षीदार, वकील, बातमीदार, सगळी हॉटेलं फुल.

घाटावरची

सगळे नेडबद्दलच बोलतायत म्हणून लिहितेय. मी तिथे गेले होते तेव्हा मला नेडपेक्षा त्याच्या आईने जास्त धरून ठेवलं. एलन केली. एप्रिल १८७८ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाचा कॉन्स्टेबल त्यांच्या घरी गेला, नेडचा भाऊ डॅन याला अटक करायला, तिथे झटापट झाली, फिट्झपॅट्रिक म्हणाला नेडने माझ्यावर गोळी झाडली आणि हिने फावडं डोक्यात घातलं. केली मंडळींचं म्हणणं पूर्ण वेगळं. नेड आणि डॅन डोंगरात पळून गेले आणि पोलिसांनी आईला उचललं, तान्ह्या बाळासकट! ऑक्टोबर १८७८ मध्ये याच कोर्टात रेडमंड बॅरींपुढे खटला झाला आणि एलनला तीन वर्षं सक्तमजुरी, तिच्या जावयाला आणि एका शेजाऱ्याला सहा सहा वर्षं.

आता तारखा बघा. हा निकाल लागून दोन अडीच आठवडे झाले नाहीत तोवर २६ ऑक्टोबरला स्ट्रिंगीबार्क क्रीक. मी असं अजिबात म्हणत नाही की आईच्या शिक्षेमुळे खून माफ होतात, पण ज्या खोलीत नेडची कमिटल झाली त्याच खोलीत दोन वर्षं आधी त्याची आई उभी होती, आणि ज्या बॅरींनी आईला तीन वर्षं दिली त्यांनीच मुलाला फाशी दिली. आणि ज्याच्या साक्षीवर आईला शिक्षा झाली तो फिट्झपॅट्रिक १८८० च्या एप्रिलमध्ये पोलिसातून काढला गेला, म्हणजे नेड पकडला जायच्या आधीच. आई मात्र आतच राहिली. नेडला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी दिली तेव्हा एलन त्याच तुरुंगात कैदी होती, आदल्या दिवशी मुलाला भेटली. १८८१ ला सुटली आणि १९२३ पर्यंत जगली. मी त्या पिंजऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती, कडेवर होती, मला तिथे फार वेळ थांबवेना.

त्या खटल्यात बॅरी म्हणाले म्हणे की नेड समोर असता तर त्याला पंधरा वर्षं दिली असती. गाइड हे सांगतात, पण ते ऐकीव धरा, बाबांना पुरावा म्हणून नका सांगू.

निळीशाई

एलनबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, पण मला एक बोलायचंच आहे. नेडच्या नावाने टीशर्ट, मग, चिलखताच्या बाहुल्या सगळं विकलं जातं आणि आपलीही मुलं कौतुकाने घेतात. स्ट्रिंगीबार्कला मारले गेलेले पोलीस, केनेडी, लोनिगन, स्कॅनलन, तिघंही आयर्लंडहून आलेली साधी नोकरदार माणसं होती. केनेडी आणि लोनिगन बायकापोरांचे. माझे वडील पोलीस खात्यात होते, रात्री बेरात्री जंगलात बंदोबस्ताला जायचे आणि आई दाराकडे डोळे लावून बसायची, म्हणून मला हे टोचतं. मॅन्सफील्डला तिघांचं स्मारक आहे, १८८० मधलं, रस्त्याच्या अगदी मधोमध. बीचवर्थला जाणार असाल तर येताना वाट थोडी वाकडी करून तिथेही थांबा, त्या पोलिसांची पार्टी त्या गावातूनच निघाली होती.

घाटावरची

निळीशाई, मान्य आहे, आणि स्मारकाचं सांगितलंत ते चांगलं केलंत, आम्ही तेव्हा थांबलो नव्हतो. पुढच्या वेळी नक्की.

जुनीवाट

केली प्रकरणातला अजून एक भाग लोक विसरतात तो सांगतो. नोव्हेंबर १८७८ ला फेलन्स अ‍ॅप्रिहेन्शन अ‍ॅक्ट नावाचा खास कायदा झाला, त्यात फरारी लोकांना मदत करणाऱ्यांनाही पकडता येत होतं. जानेवारी १८७९ मध्ये पोलिसांनी केलीचे मित्र, नातेवाईक, ओळखीचे असे वीसेक जण उचलले आणि बीचवर्थच्या तुरुंगात टाकले. दर आठवड्याला याच कोर्टात आणायचं, पोलीस म्हणणार पुरावा अजून गोळा करतोय, मॅजिस्ट्रेट म्हणणार एक आठवडा रिमांड. पुन्हा पुढच्या आठवड्यात तेच. जवळपास तीन महिने! खटला नाही, साक्ष नाही, बाहेर शेतात पिकं उभी आणि कापायला माणूस नाही, कारण तो काळ म्हणजे इकडचा ऐन सुगीचा उन्हाळा. शेवटी एप्रिलमध्ये सोडून दिलं. तारखेवर तारीख म्हणजे काय हे बाबांना वेगळं सांगायला नको. माझ्या मते पोलिसांनी केलेली सगळ्यात मोठी चूक हीच, कारण जे लोक तोवर तटस्थ होते तेही नेडच्या बाजूला गेले.

आणि हो, एलिझाबेथ स्कॉटचं कुणी सांगितलं नाही अजून. १८६३. लहानपणी, चौदाच्या आसपास वय असताना, तिचं लग्न वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी लावून दिलं, दोघं मॅन्सफील्डकडे रस्त्यावर दारूचं छोटं दुकान चालवायचे. नवऱ्याचा गोळी घालून खून झाला, गोळी तिने झाडली नव्हती, पण कट केला म्हणून तीही आरोपी. सोबत डेव्हिड गेज आणि ज्युलियन क्रॉस. बीचवर्थला खटला झाला, तिघांनाही फाशी, मेलबर्नच्या तुरुंगात. व्हिक्टोरियात फासावर गेलेली ती पहिली बाई, वय तेविसाच्या आसपास. तारीख ११ नोव्हेंबर १८६३. बरोबर सतरा वर्षांनी त्याच तारखेला, त्याच तुरुंगात नेड.

पायपीट

चिनी लोकांचं पण सांगा कुणीतरी, बीचवर्थ म्हणजे फक्त केलीसारखे आयरिश लोक नाहीत. सोन्याच्या काळात तिथे हजारोंनी चिनी खाणकामगार होते. व्हिक्टोरियाने १८५५ मध्ये बोटीने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर लावला, म्हणून ते साउथ ऑस्ट्रेलियात रोबला उतरायचे आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत यायचे, खांद्यावर कावड घेऊन. ४ जुलै १८५७ ला बकलंडच्या खोऱ्यात गोऱ्या खाणवाल्यांनी त्यांना मारहाण करून, तंबू जाळून, नदीपलीकडे हाकललं. बीचवर्थहून पोलिसांची तुकडी घेऊन गेला तो रॉबर्ट ओहारा बर्क, तोच जो पुढे वाळवंट ओलांडायच्या मोहिमेत मेला, गावातलं म्युझियम त्याच्याच नावाचं आहे. त्या मोहिमेचे उंट कराचीहून आणले होते आणि त्यांच्यासोबत आपल्या उपखंडातली माणसंही आली होती, हे म्युझियममध्ये गेलात की आठवा.

बकलंडच्या आरोपींचे खटले बीचवर्थला झाले, हे दगडी कोर्ट उभं राहायच्या आदल्या वर्षी. ज्युरीत कोण? तिथलेच गोरे. मोठ्या आरोपांतून बहुतेक सुटले. काळाकोट यांनी वर लिहिलंय की १८८० मध्ये सरकारला बीचवर्थच्या ज्युरीची भीती वाटली म्हणून केस हलवली. १८५७ ला चिनी लोकांसाठी कुणी केस हलवायचा अर्ज केला नाही. कोर्ट बघून झालं की गावच्या स्मशानात जा, तिथे चिनी लोकांचे दोन उंच मनोरे आहेत, त्यात कागद आणि नैवेद्य जाळायचे. शेजारी साध्या दगडांच्या ओळीच्या ओळी. मी एप्रिलमध्ये गेलो होतो, झाडं पूर्ण लाल पिवळी, स्मशानात आम्ही दोघंच.

रानमोगरा

मंडळी, जाऊन आलो!! शनिवारी सकाळी निघालो, ह्यूम हायवेने वांगराटापर्यंत आणि मग वर. निळीशाई, येताना मॅन्सफील्डला थांबलो, बाबांनी तिघांची नावं मोठ्याने वाचली आणि चप्पल काढून उभे राहिले.

कोर्टाचं सांगते. आत गेल्या गेल्या मला वाटलं बाबा पिंजऱ्याकडे जातील, कारण सगळे तिकडेच फोटो काढत होते. बाबा सरळ जजच्या बैठकीकडे गेले आणि तिच्यासमोर उभे राहून विचारायला लागले, साक्ष लिहून कोण घेत होतं? कुठे बसून? मला काय माहीत. पण तिथे काम करणाऱ्या बाईंनी फार आपुलकीने सांगितलं की कमिटलमध्ये प्रत्येक साक्षीदाराची जबानी हाताने लिहिली जायची, त्याला वाचून दाखवायची, मग त्याची सही. बाबा म्हणाले, आमच्याकडेही अगदी तसंच. मी मध्ये उभी राहून दोघांचं भाषांतर करत होते आणि आई मागे ज्युरीच्या बाकाशेजारी शाल घेऊन उभी, म्हणे इथली खुर्ची आपल्या कोर्टापेक्षा काही बरी दिसत नाही.

घाटावरची, तुमचं लिहिलेलं मी आईला गाडीत वाचून दाखवलं होतं. ती निघताना एकटी पिंजऱ्यापाशी गेली, लाकडाजवळ जरा थांबली. काही बोलली नाही.

त्या बाईंनी अजून एक सांगितलं जे मला इथे लिहायचंच होतं, की केली प्रकरणाचे कागद मेलबर्नच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसमध्ये जपून ठेवलेत आणि बरेचसे ऑनलाइन बघता येतात. बाबांच्या कोर्टाची जुनी इमारत पाडली तेव्हा रेकॉर्ड रूमचे गठ्ठे टेम्पोत भरून नेताना त्यांनी बघितले होते, पावसात, वर ताडपत्री पण नव्हती, ते दुःख ते अजून बोलून दाखवतात. आता गेले चार दिवस रात्रीचं जेवण झालं की टॅब मांडीवर घेऊन १८८० ची ती पानं मोठी करकरून बघत बसतात. इंग्रजी हस्ताक्षर लागायला वेळ लागतो, एक ओळ कळली की हाक मारतात. काल मॅकिन्टायरचं नाव त्यांना स्वतःला वाचता आलं.

काळाकोट

वा! बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि शब्द अडला तर पानाचा फोटो इथे टाका, जुनं कोर्टातलं इंग्रजी आहे, आपण मिळून लावू.